झोप लागली का?

माझं नाव मुचानेता. आमच्या शोना भाषेत त्याचा अर्थ 'तुम्ही दमाल'. मी जन्मले तेव्हा शेजारचे लोक माझ्या बापाच्या नावाने खडे फोडत होते, म्हणून त्यांना रोज ऐकू जाईल असं नाव त्याने मुलीला ठेवलं. शेजारी काही दमले नाहीत. एकतीस वर्षं पोरांना शिकवून मी मात्र दमले.

या एकतीस वर्षांत मी एकच गोष्ट नीट शिकले, ती म्हणजे माणूस खोटं बोलायला कसा शिकतो. पहिलीतलं पोर खोटं बोलतं ते बघत राहावं असं असतं. ओठांना शेंगदाण्याचं कूट लागलेलं असतं आणि सांगतं, मी नाही खाल्लं. तिसरीत ते तोंड पुसायला शिकतं. पाचवीत येईपर्यंत तोंड पुसून वर धाकट्या भावाकडे बोट दाखवतं. सातवी झाली की मोठ्या माणसांत जमा. आणि त्याला हे शिकवतं कोण? आम्हीच. हातात रबरी नळी घेऊन वर्गाच्या दारात उभं राहायचं, आणि वर म्हणायचं, उशीर का झाला, खरं सांग.

बावीस वर्षं ती नळी माझ्याही वर्गात खिळ्याला टांगलेली होती. मग एका सकाळी दोन मुलींनी गृहपाठ आणला नाही. एक म्हणाली, वही बकरीने खाल्ली. सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि दोन फटके देऊन तिला सोडलं. दुसरी म्हणाली, "मॅडम, मला कंटाळा आला होता." तिला मी चार दिले, उद्धट म्हणून. त्या दिवशी घरी जाताना निम्म्या वाटेत माझ्या डोक्यात उजेड पडला. खोट्याला दोन आणि खऱ्याला चार, हा भाव मीच ठरवलेला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मी ती नळी घरी नेली आणि टोमॅटोंना पाणी घालायला लावली. खिळा भिंतीतच राहिला.

तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम. जो खरं बोलेल त्याला मार नाही, ओरडा नाही, आणि त्याला कुणी हसायचं नाही.

नियम करायला काय जातं! पोरांचा विश्वासच बसेना. पुढचा महिनाभर गावातल्या बकऱ्या नुसत्या वह्यांवर जगत होत्या. तेव्हा मी ठरवलं, मोठ्या खोट्याला हात घालायला नको, सकाळच्या विचारपुशीपासून सुरुवात करू. आमच्याकडे सकाळी कुणी भेटलं की विचारतात, "झोप लागली का?" आणि तळहातांची ओंजळ करून हलक्या टाळ्या वाजवत उत्तर द्यायचं, "तुम्हाला लागली असेल तर मलाही लागली." रात्रभर दाढ ठणकली असेल, नवऱ्याने घराबाहेर काढलं असेल, उत्तर तेच. माझ्या वर्गातली पन्नास पोरंही रोज एका सुरात हेच म्हणायची आणि खाली बसायची. मी म्हटलं, या खोलीत हे बंद. मी एकेकाला विचारीन, त्याने खरंच झोप कशी लागली ते सांगायचं.

पहिला आठवडा पन्नासच्या पन्नास जण ढाराढूर झोपले होते. दुसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरची एक मुलगी पुटपुटली, "नाही लागली. बाळ खोकत होतं." मी म्हटलं, "बरं," आणि पुढच्याला विचारलं. बस, तेवढंच. पण तिला काही झालं नाही हे सगळ्यांनी पाहिलं. मग हळूहळू एकेकाच्या घरातली रात्र बाहेर यायला लागली. कुणाच्या छपरातून वारा येत होता, कुणाचे आईबाप भांडत होते. एक जण तर अंथरुणात मुतला होता आणि त्याने ते सांगितलं, तरी कुणी हसलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, आपला पगार फुकट नाही गेला.

घोटाळा झाला तो पोरांच्या घरी. एका पोरीने सकाळी आजोबांनाही तसंच उत्तर दिलं, "नाही लागली झोप. तुम्ही फार घोरता." आजोबा काठी टेकत सात किलोमीटर चालत शाळेत आले. ते गेल्यावर हेडमास्तर ग्वातिझोंनी मला बोलावलं.

"बाई, तुम्ही पोरांना बिघडवताय."

"खरं बोलायला शिकवतेय, सर."

"तेच म्हणतोय मी. उद्या एखादं कार्टं इन्स्पेक्टरला सांगेल, हेडमास्तर शुक्रवारी दुपारीच घरी पळतात."

"मग पळू नका."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. "तुमच्या निवृत्तीला किती वर्षं राहिली हो?"

"अजून बरीच आहेत."

"तरीच मला झोप लागत नाही," ते म्हणाले.

हे सगळं जुनं. मला सांगायचंय ते शुवाईचं, आणि ती माझ्याकडे यंदाच आली, निवृत्तीला दोनच वर्षं उरली असताना.

शुवाई जानेवारीत पाचवीत आली. अकरा वर्षांची, काटकुळी, डोळे सारखे दाराकडे. तिचं घर डोंगरापलीकडे, बसने दीड तासावर. अशा लांबच्या दहा-बारा मुली आठवडाभर शाळेच्या जुन्या कोठीत राहायच्या आणि शुक्रवारी घरी जायच्या. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं घर आवारातच, आणि माझ्या घरी माझी वाट बघणारं कुणी नाही.

खोटं बोलण्यात इतकी तयार पोर मी पाहिली नव्हती. म्हणे, माझी आई जोहान्सबर्गला नर्स आहे. ती मला बूट पाठवणार आहे. पाठवले होते, पण बसमध्ये हरवले. बसवाल्यावर आता खटला चालू आहे. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं, दुसऱ्याला तिसरं, आणि पाय मात्र अनवाणी. खरं एवढंच होतं की बाप खाणीवर गेला तो परतला नव्हता आणि आई घरी अंथरुणाला खिळली होती. आजाराचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. पोरीने आईचं काय झालंय असं विचारलं की सगळे म्हणायचे, बरी आहे. खोटं ती बाहेरून कुठून शिकून आली नव्हती, घरातच जेवणाबरोबर वाढलं जात होतं.

मी तिला खोटारडी म्हटलं नाही. रोज सकाळी फक्त विचारायची, झोप लागली का? रोज तिला छान झोप लागलेली असायची. मार्च संपत आला होता तेव्हा एक दिवस ती उभी राहिली आणि तिने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही लागली. माझी आई नर्स नाही. ती आजारी आहे. आता तिला धरल्याशिवाय बसताही येत नाही."

मी म्हटलं, "बरं." मधल्या सुट्टीत दोन मुलींनी आपल्यातलं उकडलेलं रताळं मोडून तिला दिलं.

एप्रिलच्या सुट्टीनंतर मे महिन्यात शाळा पुन्हा सुरू झाली. एका दुपारी मी वह्या तपासत बसले होते, ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, आईबद्दल विचारलं की सगळे 'बरी आहे' म्हणतात. काका पण आणि आत्या पण."

"हं."

"तिला काही झालं तर तुम्ही मला खरं सांगाल?"

मी लाल पेन खाली ठेवलं. "सांगेन."

"सगळ्यांसमोर म्हणा."

आगाऊ कार्टी! पण नियम माझाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पन्नास पोरांसमोर म्हटलं, "शुवाईच्या आईचं जे काही असेल ते मी शुवाईला खरं सांगेन." ती मान हलवून खाली बसली. त्या दिवसापासून ती दाराकडे बघायची थांबली. हे मी पाहिलं आणि मला बरं वाटलं, म्हणून सांगते. मला स्वतःचं कौतुकही वाटलं थोडं.

जूनमधला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातला बुधवार होता. इतका गारठा की पोरं हात काखेत घालून बसली होती. फळ्यावर अपूर्णांक होते. हेडमास्तर स्वतः दाराशी आले, जे ते कधी करत नाहीत, आणि मला बोटाने बोलावलं.

त्यांच्या खोलीत शुवाईचा काका सेफास बसला होता, टोपी गुडघ्यांवर ठेवून. मी खाली बसले. त्याने ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या.

"झोप लागली का, मॅडम?"

"तुम्हाला लागली असेल तर लागली."

"आम्हाला लागली," तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी पहाटे गेली."

थोडा वेळ आम्ही तिघंही टाळ्या वाजवत राहिलो, जशा अशा वेळी वाजवतात.

"पोरीला न्यायला आलोय," काका म्हणाला. "बस साडेअकराची आहे. तिला म्हणा, आई फार आजारी आहे, तुला बोलावलंय."

"मी तिला खरं सांगायचा शब्द दिलाय."

"कुणाला? पोरीला?"

"बाईंच्या वर्गात खरं बोलतात," हेडमास्तर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, पण उपयोगही नव्हता.

काकाने टोपी फिरवली. "मॅडम, मरणाची बातमी वाटेत देत नाहीत, तुम्हाला मी सांगायला नको. बसमध्ये पोरीने हंबरडा फोडला तर तिला धरणार कोण? मी पुरुषमाणूस. घरी बायका आहेत, तिची आत्या आहे. कुणाच्या तरी मांडीवर डोकं टेकल्यावर कळू दे तिला."

तो चुकीचं बोलत नव्हता. माझा बाप गेला तेव्हा मलाही 'फार आजारी आहे' म्हणूनच बोलावलं होतं. आमच्यात सगळ्यांना असंच कळत आलंय.

"मग तुम्हीच सांगा तिला," मी म्हटलं.

"माझ्यावर कुठे विश्वास आहे तिचा! सहा महिने मी 'बरी आहे, बरी आहे' म्हणतोय. मी तोंड उघडलं की ती इथेच रडायला लागेल. तुमचं मात्र तिला सगळं खरं वाटतं. तुम्ही सांगितलंत तर शांतपणे येईल."

म्हणजे नऊ वर्षं मी जे जमवलं होतं त्याचा त्याला दीड तासापुरता उपयोग हवा होता. मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी उठले.

शुवाई वर्गात नव्हतीच. खिडकीतून तिला काकाची टोपी दिसली होती, आणि ती व्हरांड्यात येऊन उभी होती.

"मॅडम, काका आलाय."

"हो. आई फार आजारी आहे, शुवाई. तुला बोलावलंय."

एवढं बोलून मी गप्प राहिले असते तर आज हे सांगायची वेळ आली नसती. तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते.

"मॅडम, खरं सांगा. ती जिवंत आहे ना?"

आत पोरं अपूर्णांक सोडवत होती, म्हणजे कान दाराला लावून बसली होती. माझ्यामागे काका येऊन उभा राहिला होता. मी घाबरले. समोर ही पोर कोसळेल आणि मला ते बघावं लागेल, एवढंच माझ्या मनात होतं.

"हो," मी म्हटलं. "जिवंत आहे. तुझी वाट बघतेय."

तिचे खांदे खाली आले. आणि ती हसली! "मला वाटलं..." म्हणाली, आणि पुढचं न बोलता कोठीकडे पळाली. पिशवी घेऊन आली तेव्हा तिच्यात गणिताची वही होती, दहापैकी नऊ मिळाले होते ते आईला दाखवायला. आवारातल्या झाडाची तीन संत्री तिने शुक्रवारसाठी राखून ठेवली होती, तीही होती.

"मॅडम, आईला आंबट चालेल का?"

"चालेल," मी म्हटलं. पहिल्या खोट्यापेक्षा दुसरं सोपं जातं, हे मी इतकी वर्षं पोरांना सांगत आले होते. अगदी खरं आहे ते.

बस गेली. मी वर्गात जाऊन फळ्यावरचे अपूर्णांक पुरे केले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या पिकअपमधून आम्ही शिक्षक मातीला गेलो. अंगणात बायका गात होत्या, पुरुष विस्तवाभोवती बसले होते, आणि मधोमध राविरो आजी मेलेल्या बाईचा झगा घालून, तिचाच रुमाल डोक्याला बांधून, तिच्यासारखी खोकत, कंबरेवर हात ठेवून सगळ्यांना रागवत फिरत होती. लोक रडता रडता हसत होते. राविरो आजी त्या घराची सह्वीरा. परक्या कुळातली, पण त्या घरी कुणी गेलं की खड्डा खणून घेण्यापासून जेवण वाढण्यापर्यंत सगळं तिनेच बघायचं, आणि त्या दिवशी कुणालाही तोंडावर खरं सुनावायचा हक्कही तिचाच. तिचा राग धरायचा नसतो. आमच्या लोकांना खरं बोलणं वर्ज्य नाही. त्यांनी ते काम एका माणसाला नेमून दिलंय, एवढंच.

तिने मला पाहिलं आणि खोकणं थांबवलं.

"या, या, मॅडम आल्या! सरका गं, जागा द्या, खऱ्याचं दुकान आलंय. काय मॅडम, झोप लागली का?"

एक-दोघी हसल्या. आजी माझ्या शेजारी येऊन चटईवर बसली आणि आवाज खाली आणला.

"पोरीला काय सांगितलंस तू?"

"जिवंत आहे म्हटलं. तिच्या काकानेच सांगितलं होतं, वाटेत कळू देऊ नका."

"त्याने 'फार आजारी आहे' एवढंच म्हणायला सांगितलं होतं. विचारलंय मी त्याला."

"तिने सरळ विचारलं, आजी."

"सगळेच विचारतात. आपण खाली बघायचं आणि गप्प बसायचं. तुझा बाप गेला तेव्हा तुला कुणी जिवंत आहे म्हणून सांगितलं होतं का?"

नव्हतं सांगितलं. माझ्या भावाने 'फार आजारी आहे' म्हटलं होतं आणि माझी नजर चुकवली होती. बसमध्ये तिसऱ्या थांब्यापर्यंत मला कळून चुकलं होतं. शालीत तोंड घालून मी अर्धं रडणं वाटेतच संपवलं होतं, आणि घरी पोचले तेव्हा मला चालता येत होतं.

"आपण दार लोटून घेतो गं," आजी म्हणाली. "कुलूप नाही लावत. तू कुलूप लावलंस. दुसऱ्या कुणी लावलं असतं तर पोरीने मानलंही नसतं. ती बसमधून उतरली ती पळतच. काका मागेच राहिला. इथे बायका गात होत्या, तिला वाटलं आजाऱ्यासाठी प्रार्थना चाललीय. सगळ्यांना हसून टाळ्या वाजवल्या तिने. आणि दारातून ओरडली, आई, मी संत्री आणलीत. गाणं थांबलं, मॅडम. सगळा गाव तिच्याकडे बघत होता. आईच्या मयताला पोर हसत आली. हे आता तिला मरेपर्यंत पुरेल."

मी तिकडे पाहिलं. शुवाई आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. डोळे उघडे होते. तिने मला पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. मला उठून तिच्याकडे जायचं होतं, पण गेले नाही. गुडघे दुखत होते असं मी स्वतःला सांगितलं.

दोन आठवड्यांनी, सोमवारी, ती शाळेत आली. केस भादरलेले, गणवेश धुतलेला. मी एकेकाला विचारत तिच्यापर्यंत पोचले आणि विचारलं, "झोप लागली का?"

ती उभी राहिली. हातांची ओंजळ केली, चांगल्या घरच्या मुलीसारख्या हलक्या टाळ्या वाजवल्या आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "तुम्हाला लागली असेल तर मलाही लागली, मॅडम." आणि बसली.

तिच्या शेजारणीनेही तेच म्हटलं. मंगळवारी आणखी दहा जणांनी. गुरुवारपर्यंत सगळा वर्ग एका सुरात म्हणायला लागला होता. व्हरांड्यातून जाताना हेडमास्तर थांबले. "वा, बाई! शिस्त आली की वर्गात."

मला जाऊ देता आलं असतं. दोन वर्षं काय, कशीही निघतात. खूप दमले होते मी, आणि दमलेल्या माणसाला 'जाऊ दे' म्हणायला फार कष्ट पडत नाहीत. दहा दिवस मी जाऊ दिलं. मग एका सकाळी एका मुलीची वही पुन्हा बकरीने खाल्ली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेतली आणि म्हटलं, "आज तुम्ही मला विचारा."

कुणी विचारेना. मोठ्या माणसाला असं विचारून उत्तराची वाट बघायची, हे त्यांना जमत नव्हतं. शेवटी पुढच्या बाकावरच्या दोघीतिघींनी भीत भीत विचारलं, "झोप लागली का, मॅडम?"

"नाही लागली," मी म्हटलं. "जवळजवळ महिना झाला, नीट लागलेली नाही. मी या दारात उभी राहून शुवाईशी खोटं बोलले. तिची आई तेव्हा गेलेली होती आणि मला ते माहीत होतं. मी तिला शब्द दिला होता, तुमच्यासमोर दिला होता, तो मी मोडला. तिच्या भल्यासाठी मोडला असं मी म्हणणार नाही. तिचं रडणं मला बघायचं नव्हतं, म्हणून बोलले. माझी चूक झाली, शुवाई. मी माफी मागते."

खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं ती रडेल, उठून माझ्याकडे येईल, आणि मी तिला जवळ घेईन. ती बाकावरच्या एका चिरेतून नख फिरवत राहिली. मी फळा पुसला आणि दशांश घेतले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा एकेकाला विचारायला सुरुवात केली. पहिली म्हणाली, "तुम्हाला लागली असेल तर मलाही लागली." दुसरीही तेच म्हणाली. तिसरीने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही लागली. छपरात उंदीर होते." मी म्हटलं, "बरं." मग दोघांना चांगली लागली होती, आणि मग शुवाई.

ती उभी राहिली. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्यात लहानाने मोठ्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं नसतं. ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

"नाही लागली," ती म्हणाली. "मला तुमचा राग येतो, मॅडम. रोज येतो. मी आईच्या मयताला हसत गेले ते तुमच्यामुळे."

मागे कुणीतरी तोंडावर हात ठेवला, तो आवाज मला ऐकू आला. एकतीस वर्षांत मला कुठल्या पोराने असं तोंडावर सुनावलं नव्हतं, आणि साऱ्या आयुष्यात मी कुठल्या मोठ्या माणसाला सुनावलं नव्हतं. माझी नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. गेली, हे मी लपवणार नाही. पोरांनीही ते पाहिलं.

"बरं," मी म्हटलं.

ती लगेच बसली नाही. तशीच उभी राहिली, पुढे काही येतंय का ते बघत. काही आलं नाही. मग ती खाली बसली, आणि मी तिच्या शेजारणीला विचारलं, "झोप लागली का?"